फडताळातली निळी बशी: व्हिक्टोरियन काळातल्या घरगुती भांड्यांवरच्या नक्षीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणाच्या फडताळात निळ्या नक्षीची एखादी जुनी बशी निघते, कुणी मुंबईच्या चोरबाजारातून घासाघीस करून ताट आणतं, आणि मग बशी पालथी करून मला विचारलं जातं, "ही किती जुनी? आणि हे चित्र कसलं?" मी स्वतः मातीकाम करते, त्यामुळे दुसरा प्रश्न मला जास्त जवळचा. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

व्हिक्टोरियन म्हणजे नेमका कोणता काळ, आणि कोणती भांडी?

राणी व्हिक्टोरिया 1837 ते 1901 इंग्लंडच्या गादीवर होती, तो काळ. इथे राजवाड्यातल्या सोनेरी पोर्सिलेनचा विषय नाही. कारकून, दुकानदार, गिरणीतला मुकादम यांच्या घरात रोज वापरली जाणारी ताटं, कपबश्या, सूपचं झाकणाचं भांडं, तोंड धुण्याचा मोठा जग आणि त्याखालचं तसराळं, एवढ्याबद्दलच हे आहे.

यातली बहुतांश भांडी उत्तर स्टॅफर्डशायरमधल्या सहा गावांत घडली: टन्स्टॉल, बर्स्लेम, हॅनली, स्टोक, फेंटन आणि लाँगटन. 1910 मध्ये ही गावं मिळून स्टोक-ऑन-ट्रेंट झालं. गंमत अशी की पांढरी माती तिथली नाहीच. ती नैऋत्येकडच्या कॉर्नवॉल आणि डेव्हनमधून जहाजाने आणि मग कालव्याने यायची. पण भांडी भाजायला मातीपेक्षा कितीतरी जास्त वजनाचा कोळसा लागतो, आणि कोळसा या गावांच्या पायाखालीच होता. म्हणून मातीच कोळशाकडे आणली गेली. 1777 मध्ये पुरा झालेला ट्रेंट अँड मर्सी कालवा याच कामी आला. तयार भांडी धक्के न खाता बंदरापर्यंत जायची तीही त्यातूनच.

नक्षी हाताने काढलेली असते की छापलेली?

बहुतेक वेळा छापलेली. ती कशी छापत हे एकदा समजलं की बशीकडे बघण्याची नजरच बदलते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी कोरीवकाम करणारा कारागीर तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचा. गडद छटा हवी तिथे खोल रेघ, फिकट हवी तिथे बारीक ठिपके. एका मोठ्या डिनर सेटला ताट, वाडगा, झाकण, सॉसचं भांडं असे वेगवेगळ्या मापांचे पत्रे लागत, आणि ते कोरण्यात महिनेच्या महिने जात. कारखान्याचं खरं भांडवल हेच.

पत्रा गरम करून त्यावर तेलात खललेला धातूचा रंग चोळायचा, वरचा जादा रंग पुसून काढायचा, साबणाच्या पाण्यात भिजवलेला पातळ टिश्यू कागद ठेवायचा आणि रुळांमधून दाबून काढायचा. कागदावर ओला ठसा उमटला की एक मुलगी कात्रीने त्याचे भाग सुटे करी: मधलं चित्र वेगळं, काठाची पट्टी वेगळी. मग चिकटवणाऱ्या बायका तो कागद एकदा भाजलेल्या, अजून झिलई (काचेसारखा चकचकीत लेप) न दिलेल्या भांड्यावर लावत आणि ताठ ब्रशने जोर लावून घासत. कोरडं भाजकं भांडं रंग शोषून घेई. नंतर भांडं पाण्यात बुडवलं की कागद सुटून यायचा, नक्षी राहायची. पुढे सुमारे 700 अंशांवर हलकं भाजून तेल जाळायचं, झिलईत बुडवायचं, पुन्हा भट्टीत घालायचं. नक्षी झिलईच्या खाली असते म्हणून दीडशे वर्षं घासूनही ती जात नाही.

आता बशी हातात घ्या आणि काठ बघत बोट गोल फिरवा. कुठेतरी वेल अचानक तुटलेली दिसेल, एखादं फूल अर्ध्यात कापलेलं असेल किंवा दोन पानं एकावर एक आली असतील. तो सांधा. सरळ कागदाची पट्टी गोल काठावर बसवताना तो टाळता येत नाही. काठापदराच्या साडीत जिथे काठ पदराला मिळतो तिथे विणकराचं कसब कळतं, तसं इथे चिकटवणारीचं. चांगला सांधा शोधायलाही दोन मिनिटं लागतात. मला तरी अख्ख्या ताटावरचा सगळ्यात मोलाचा भाग तोच वाटतो, कारण बाकी सगळं हजारो ताटांवर सारखं आहे, सांधा मात्र त्या एका ताटाचाच आहे.

मग छापील नक्षी कमअस्सल मानायची का?

मुळीच नाही. 1756 मध्ये लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी शपथेवर लिहून दिलं की दोघांनी मिळून सहा तासांत 1200 हून जास्त टाइल्स छापल्या. हाताने रंगवायच्या तर कितीतरी जणांना कितीतरी दिवस लागले असते. साध्या घरात भिंतीवर चित्र लावायची ऐपत नसताना ताटात मात्र अख्खा देखावा आला, तो या छपाईमुळे. तांब्यावरचं कोरीवकाम मुळातच उत्तम असेल तर छापील ताट सुंदरच असतं, आणि हाताने घाईघाईत फासलेली फुलं हाताने काढली एवढ्यानेच सुंदर होत नाहीत.

सगळं निळंच का दिसतं?

कोबाल्टमुळे. झिलईखाली भट्टीची धग सोसून टिकणारे रंग सुरुवातीला फार थोडे होते, आणि त्यात कोबाल्टचा निळा सगळ्यात भरवशाचा. शिवाय चिनी निळी-पांढरी भांडी युरोपात आधीपासून प्रतिष्ठेची, तेव्हा ग्राहकाच्या डोळ्यालाही निळा सवयीचा होता. व्हिक्टोरिया गादीवर आली तोवर हिरवा, गुलाबी, जांभळा, तपकिरी, काळा असे रंगही छापता येऊ लागले होते. क्रोमियमपासून हिरवा मिळाला, आणि क्रोमियमला कथलाची जोड दिल्यावर गुलाबी.

एक खास प्रकार म्हणजे पसरलेला निळा, त्याला फ्लो ब्लू म्हणतात. भट्टीत भांडी ज्या मातीच्या डब्यांत ठेवत त्यात क्लोरीनयुक्त क्षार ठेवले की त्यांच्या वाफेने निळा रंग झिलईत फुटून पसरतो आणि रेघा धुक्यात विरल्यासारख्या होतात. काहींना ही छपाईतली चूक वाटते. ती चूक नाही, मुद्दाम केलेली करामत आहे. अमेरिकेत तिला फार मागणी होती. सांधे आणि बारीकसारीक दोष त्यात झाकले जात हाही कारखान्याचा फायदाच.

विलो नक्षी चिनी आहे ना? आणि त्या दोन पाखरांची गोष्ट खरी का?

नक्षी इंग्लंडमध्ये जुळवलेली आहे, गोष्टही तिथलीच. वाळुंजाचं झाड (इंग्रजीत विलो), पूल, पुलावरची तीन माणसं, होडी, कुंपण, वर दोन पाखरं ही मांडणी 1790 च्या सुमारास स्टॅफर्डशायरमध्ये पक्की झाली. तुकडे चिनी भांड्यांवरून उचललेले, पण असं अख्खं चित्र चीनमध्ये नव्हतं. श्रीमंत अधिकाऱ्याची मुलगी, तिचा गरीब प्रियकर, पुलावरून पलायन आणि शेवटी दोघांची पाखरं होणं ही कथा 1849 मध्ये एका इंग्रजी कौटुंबिक नियतकालिकात आली. म्हणजे आधी चित्र, पन्नासेक वर्षांनी गोष्ट.

पण म्हणून ती गोष्ट टाकाऊ ठरवू नका. जेवताना मुलांना ताटातल्या चित्रावर बोट ठेवून गोष्ट सांगायची, हा घरोघरीचा अनुभव होता. चित्राला गोष्ट हवीच असते; आपल्याकडे चित्रकथी वेगळं काय करतात?

व्हिक्टोरियन काळात विलोशी टक्कर दिली ती एशियाटिक फेझंट्स या नक्षीने. फिकट आभाळी निळ्या रंगातले रानकोंबड्यांसारखे लांब शेपटीचे पक्षी आणि मोठमोठी फुलं. टन्स्टॉलच्या पॉडमोर, वॉकर अँड कंपनीचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे, पण पुढे कितीतरी कारखान्यांनी ती छापली. नावात आशिया असला तरी आशियातल्या कुठल्याही एका जागेशी तिचा संबंध नाही. इंडियन ट्री या नक्षीचंही तेच, तिचं मूळ चिनी वळणाच्या रंगकामात आहे. ताटावर भारत लिहिलं म्हणून भारत शोधत बसू नये.

ओळखू न येणारे किल्ले, सरोवरं, कारंजी असलेली ताटं कुठल्या गावची?

कुठल्याच नाही. 1842 पूर्वी कारखाने प्रवासवर्णनांतली कोरीव चित्रं सर्रास उचलत. त्या वर्षी स्वामित्वहक्काचे कायदे कडक झाले आणि उचलेगिरी महाग पडू लागली. मग कारखान्यांनी कल्पनेतले देखावे जुळवले: एक तळं, मागे डोंगर, पुढे मोठा कलश, कडेला दोन माणसं. नाव मात्र एखाद्या परदेशी शहराचं द्यायचं.

इतकी गच्च फुलं, पानं, महिरपी का? तेव्हा कुणाला खटकत नव्हतं का?

खटकत होतं, आणि त्यावरून मोठा वाद झाला. माझ्या मते या सगळ्या विषयातला सगळ्यात रसरशीत भाग तोच.

हेन्री कोल नावाचे सरकारी अधिकारी होते. त्यांनी फेलिक्स समरली या टोपणनावाने साधा चहाचा संच आखला, मिंटन कारखान्याने तो बनवला आणि 1846 मध्ये त्याला सोसायटी ऑफ आर्ट्सचं बक्षीस मिळालं. कोल यांचं म्हणणं असं की घरगुती वस्तूंचं रूप बिघडलं आहे आणि ते सुधारणं हे सार्वजनिक काम आहे. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनामागे ते होते. तिथे इंग्लंडच्या यंत्रांनी लोकांचे डोळे दिपवले, पण नक्षीकामाच्या जाणकारांना लाज वाटली. कारण शेजारच्या भारतीय दालनातले कापड, गालिचे, धातूकाम बघून त्यांच्या लक्षात आलं की तिथे नक्षी वस्तूच्या अंगाला धरून आहे, सपाट आहे, रंगांचा तोल सांभाळलेला आहे. इंग्लंडच्या मालावर मात्र खऱ्यासारखी दिसणारी गुलाबाची फुलं कुठेही चिकटवलेली. वास्तुरचनाकार ओवेन जोन्स यांनी हे स्पष्ट बोलून दाखवलं, आणि 1856 च्या त्यांच्या 'द ग्रामर ऑफ ऑर्नमेंट' या मोठ्या ग्रंथात भारतीय नक्षीला मानाचं स्थान दिलं. अनाम भारतीय कारागिरांच्या कामाने इंग्लंडमधल्या रचनाविचाराला वळण लावलं, ही गोष्ट आपल्या शाळांत सांगितली गेली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

1852 मध्ये कोल यांनी लंडनच्या मार्लबरो हाउसमधल्या संग्रहालयात वाईट नक्षीच्या वस्तूंचं एक दालनच मांडलं. लोक त्याला भयदालन म्हणू लागले. नावं ठेवलेल्या मालाचे उत्पादक चिडले आणि दालन लवकरच बंद झालं. त्याच संग्रहालयाचं पुढे साउथ केन्सिंग्टन म्युझियम आणि 1899 पासून व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम झालं.

याच काळातला एक तुकडा मला सर्वांत प्रिय आहे. वास्तुरचनाकार ऑगस्टस प्यूजिन यांनी 1849 च्या सुमारास मिंटनसाठी आखलेलं पावाचं ताट. काठावर इंग्रजी म्हण गोलाकार अक्षरांत आहे, अर्थ असा की वाया घालवू नका म्हणजे उणं पडणार नाही. मध्ये पानांची सपाट नक्षी, कडेला गव्हाच्या लोंब्या. तिथे चित्र वरून चिकटवलेलं वाटत नाही. ताट कशासाठी आहे तेच नक्षी सांगते.

पुढे जपानी वळणाची तपकिरी ताटं कशी आली?

1850 च्या दशकात जपानची बंदरं पाश्चात्त्य व्यापाराला उघडली आणि 1862 च्या लंडनच्या प्रदर्शनात जपानी वस्तू मोठ्या संख्येने बघायला मिळाल्या. 1870 आणि 80 च्या दशकांत ती लाट थेट स्वयंपाकघरात शिरली. पांढुरक्या ताटावर तपकिरी छपाई, एका कोपऱ्यात पंखा, त्याच्यामागून निघालेली बांबूची फांदी, दुसरीकडे एकच चिमणी, बाकी जागा मोकळी. आधीच्या मध्यात-चित्र-भोवती-काठ या शिस्तीला हा मोठा धक्का होता. अशा काही ताटांवर नंतर हाताने थोडे रंगही भरत.

या काळातलं एक नाव लक्षात ठेवा: क्रिस्टोफर ड्रेसर, जन्म 1834, मृत्यू 1904. मूळचे वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक. ओवेन जोन्स यांच्या ग्रंथातला एक वनस्पतिचित्रांचा तक्ता त्यांचा आहे. फुलाची नक्कल करू नका, ते कसं वाढतं याचा नियम शोधा आणि त्यातून नक्षी काढा, असा त्यांचा आग्रह. 1876-77 मध्ये त्यांनी जपानचा प्रवास केला. मिंटनसारख्या कारखान्यांसाठी त्यांनी कामं आखली, कारखान्यात बनणाऱ्या वस्तूसाठी. एकेका श्रीमंत गिऱ्हाइकासाठी काम करण्यापेक्षा त्यांना हे अवघड आणि महत्त्वाचं वाटलं, आणि मला ते पटतं.

अगदी गरीब घरात काय असायचं?

दुय्यम दर्जाचा माल, जुन्या झिजलेल्या पत्र्यांवरून छापलेला. शिवाय स्पंजाचे ठसे मारलेली भांडी: स्पंज कापून त्याचं फूल किंवा तारा करायचा आणि रंगात बुडवून भराभर उठवायचा, रांगोळीच्या ठशासारखा. दारूच्या गुत्त्यात मोका पद्धतीचे मग असत. त्यावरची झाडासारखी आकृती कुणी काढत नसे. ओल्या लेपावर तंबाखूच्या पाण्यात कालवलेल्या रंगाचा थेंब टाकला की तो आपोआप फांद्या फुटत पसरतो. मी तंबाखूऐवजी सफरचंदाचं व्हिनेगर वापरून हे करून पाहिलंय. थेंब पडल्यावर दोन सेकंदांत झाड उभं राहतं.

बशीत ओतून चहा पिणं ही आपलीच सवय ना?

इंग्लंडमध्येही सामान्य लोक बशीतून चहा पीत. म्हणूनच त्या काळातल्या कितीतरी बश्या खोलगट असतात. तुमच्या आजोबांची फुरके मारायची तऱ्हा त्या बशीच्या घडणीला अगदी धरून होती.

माझी बशी कधीची हे कसं ओळखू?

पालथी करा. खुणांचा क्रम असा लावा.

शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट, वर वर्तुळात रोमन चार हा आकडा आणि कोपऱ्यांत अक्षरं-आकडे दिसले तर ती नक्षी किंवा घडण 1842 ते 1883 मध्ये नोंदवलेली आहे. वर्तुळाखाली, म्हणजे वरच्या कोपऱ्यात, अक्षर असेल तर 1867 पर्यंतची. उजव्या कोपऱ्यात अक्षर आणि वर आकडा असेल तर 1868 नंतरची. अक्षर वर्ष सांगतं, पण ती क्रमाने नाहीत. वरच्या कोपऱ्यात पी असेल तर 1851, तोच पी उजवीकडे असेल तर 1877. लक्षात ठेवा, ही नोंदणीची तारीख आहे, बशी त्यानंतर कितीही वर्षांनी बनलेली असू शकते. 1884 पासून चौकट गेली आणि नुसता क्रमांक आला.

इंग्लंड हा शब्द खाली छापलेला असेल तर साधारणपणे 1891 नंतरची, कारण अमेरिकेच्या नव्या जकात कायद्याने मालावर देशाचं नाव बंधनकारक झालं. मेड इन इंग्लंड असं पूर्ण असेल तर बहुधा विसाव्या शतकातली.

एक फसगत नेहमी होते. वेजवुड अँड कंपनी असं लिहिलेलं असेल तर ते जोसाया वेजवुड या नामवंत कुंभाराचं प्रसिद्ध घराणं नव्हे. ती टन्स्टॉलची निराळी कंपनी, वर सांगितलेल्या पॉडमोर, वॉकरची वारसदार. विक्रेता काहीही सांगो, पैसे त्या हिशेबाने द्या.

बोन चायनात खरंच हाड असतं का? आमच्याकडे चालत नाही.

असतं. जुन्या इंग्रजी पद्धतीत जवळजवळ निम्मा भाग गुरांच्या हाडांची राख असते. पण रोजच्या वापरातली छापील नक्षीची बहुतेक भांडी बोन चायनाची नाहीत, ती पांढऱ्या मातीची किंवा आयर्नस्टोन नावाच्या जड, घट्ट प्रकारची आहेत. बशी उजेडासमोर धरा आणि मागे बोटं हलवा. बोटांची सावली आरपार दिसली तर बोन चायना किंवा पोर्सिलेन. काहीच दिसलं नाही तर हाडाची शंका सोडून द्या.

यात जेवता येईल का?

मी जेवत नाही, तुम्हीही जेवू नका. त्या काळच्या झिलईत शिसं असे. चिंच, कोकम, लिंबू, लोणचं, दही यांसारख्या आंबट पदार्थात ते उतरू शकतं, आणि आपलं जेवण आंबटाशिवाय होत नाही. झिलईला केसासारख्या भेगा असतील तर आणखी वाईट. भिंतीवर लावा, कपाटात मांडा. धुताना कोमट पाणी आणि मऊ कापड पुरे. ब्लीच नको, ते भेगांतून आत शिरून झिलईच उकलते.

त्या शिशाचा कामगारांना त्रास होत नसे का?

फार होत असे. भांडी झिलईत बुडवणारे कामगार दिवसभर कोपरापर्यंत शिशाच्या पाण्यात. हात लुळे पडत, दृष्टी जाई, बायकांचे गर्भ पडत. मातीत मिसळण्यासाठी दळलेल्या गारगोटीच्या धुळीने फुप्फुसं कायमची निकामी होत. 1841 मध्ये सरकारी चौकशी अधिकारी सॅम्युएल स्क्रिव्हन यांनी कारखान्यांत जाऊन मुलांच्या जबान्या घेतल्या. साचे घेऊन सुकवणीच्या तापलेल्या खोलीत दिवसभर धावणारी लहान मुलं त्यात आहेत. कारखाना कायदा कुंभारकामाला लागू झाला तो 1864 मध्ये. शिशाबद्दल सरकारने थॉर्प आणि ऑलिव्हर या तज्ज्ञांना चौकशीला नेमलं ते 1898 मध्ये, म्हणजे राणीच्या कारकिर्दीच्या अगदी शेवटी. सांधा बघताना ज्या कात्रीचा उल्लेख केला, ती धरणारी मुलगी बहुधा उमेदवारी करणारं पोर असे.

मुंबईशी याचा काही संबंध?

आहे, आणि तो हात लावून बघता येतो. भायखळ्याला राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 मध्ये खुलं झालं, तेव्हा त्याचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होतं. तिथली जमीन मिंटनच्या टाइल्सची आहे. तिथे जाऊन वरचं नक्षीदार छत बघून परत येणारे बरेच. एकदा मान खाली घालून चाला.

त्याहून मोलाची गोष्ट तिथल्या कपाटात आहे. 1870 च्या दशकात बॉम्बे स्कूल ऑफ आर्टमध्ये, म्हणजे आजच्या जे. जे. मध्ये, जॉर्ज टेरी यांनी मातीकामाचा विभाग उभा केला. सिंधमधल्या झिलईकामाची परंपरा त्यात मिसळली. त्याच सुमारास तिथलेच शिक्षक जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करत होते, आणि ती वेलबुट्टी, ते हत्ती, ती माणसं फुलदाण्यांवर आणि ताटांवर उतरली. इंग्लंडमध्ये भारतीय नक्षीवरून धडे गिरवले जात असताना मुंबईचे विद्यार्थी आपल्याच लेण्यांतली नक्षी मातीवर हाताने रंगवत होते.

जुन्या पद्धतीने छपाई अजून कुठे होते का?

बर्स्लेमच्या मिडलपोर्ट पॉटरीत. कारखाना 1880 च्या दशकाच्या शेवटी बांधलेला, कालव्याच्या काठावर. तिथे बर्ली या नावाची भांडी बनतात आणि नक्षी आजही टिश्यू कागदावरून चढवतात. एशियाटिक फेझंट्सही तिथे बनते. स्टोकला नातेवाईक असतील तर एक दिवस त्यासाठी राखा, आणि लाँगटनचं ग्लॅडस्टन पॉटरी म्युझियमही बघा, तिथे बाटलीच्या आकाराच्या जुन्या भट्ट्यांच्या आत उभं राहता येतं. मिडलपोर्टला चिकटवणाऱ्या बायकांच्या टेबलापाशी जरा थांबा. पट्टी काठावर फिरवत आणताना शेवटच्या दोन बोटांच्या अंतरावर त्या क्षणभर थबकतात आणि मग फुलाच्या मधोमध कापतात.